कार्डाचा स्लॉट आणि यूएसबीचं दार



आजचा विषय कागदावर फार तांत्रिक दिसतो. मेमरी कार्डाच्या स्लॉटमधून मोबाइलला यूएसबी जोडता येईल का, एवढाच प्रश्न आहे. पण हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. तो मला एका पोरानं विचारला, राजापूरकडच्या एका वाडीत.

तिथे एक बँक सखी आहे. बचत गटातली बाई. तिच्याकडे एक साधा मोबाइल आणि त्याला केबलनं जोडलेलं अंगठ्याचं मशीन. निराधार पेन्शन, शेतकऱ्यांचे पैसे, रोजगार हमीचे पैसे, सगळं त्या अंगठ्यावर. त्या दिवशी मोबाइलचा चार्जिंगचा जॅक सैल झाला होता. केबल घातली की मशीनचा लाल दिवा लागायचा आणि विझायचा. ओळीत सात-आठ माणसं. शेवटी ती एका म्हातारीला म्हणाली, "आजी, आज नाय होणार, उद्या या." ती आजी डोंगर उतरून आली होती. आणि बाजूला उभा असलेला नववी-दहावीतला पोरगा मला म्हणाला, "काका, ते कार्ड घालतात तिथनं नाय का जोडता येणार?"

मी तेव्हा हसून "बघू" म्हटलं. नंतर लाज वाटली. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. एक दार बिघडलंय, दुसरं दार आहे, मग दुसऱ्या दारातून का नाही? आज मी त्याचंच उत्तर देणार आहे. आणि उत्तर देताना या कल्पनेची समीक्षाही करणार आहे. आपण नाटकाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो. रोज हातात असलेल्या यंत्रांची करत नाही. ती जशी येतात तशी घेतो.

आधी दोन्ही दारं नीट बघू.

यूएसबी २.० मध्ये चार तारा असतात. एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची आणि मधल्या दोन माहितीच्या. १९९६ साली पहिलं यूएसबी आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट प्रमुख होते. यूएसबीचा एक कडक नियम आहे. दोन टोकांपैकी एक यजमान आणि दुसरा पाहुणा. यजमानानं विचारायचं, पाहुण्यानं उत्तर द्यायचं. वीजही यजमानानंच द्यायची. कॉम्प्युटर नेहमी यजमान. मोबाइल मुळात पाहुणा होता. आपण तो कॉम्प्युटरला जोडायचो, गाणी भरायचो. २००१ च्या डिसेंबरात ओटीजी नावाची पुरवणी आली आणि मोबाइलला यजमान व्हायची परवानगी मिळाली. जुन्या ओटीजी केबलीत युक्ती एवढीच की प्लगमधली एक जास्तीची पिन अर्थिंगला जोडलेली असते. ती दिसली की मोबाइल समजतो, आज पाहुणे आपल्याकडे आलेत. अँड्रॉइडनं हे २०११ साली ३.१ आवृत्तीत अधिकृतपणे आणलं. बँक सखीचं मशीन चालतं ते त्या जोरावर.

आता कार्ड. एसडी कार्ड १९९९ साली सॅनडिस्क, मात्सुशिता म्हणजे पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. आपल्या नखाएवढ्या मायक्रोएसडीला आठ सोनेरी पट्ट्या असतात. चार माहितीच्या, एक हुकमाची, एक घड्याळाच्या ठोक्याची, एक विजेची, एक अर्थिंगची. इथेही यजमान-पाहुणा आहेच. पण इथे मोबाइल कायम यजमान आणि कार्ड कायम पाहुणा.

म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचं तांत्रिक रूप असं होतं : कार्डाच्या आकाराची अशी एक वस्तू हवी, जी मोबाइलसमोर पाहुणी होईल आणि तिच्या दुसऱ्या टोकाला जोडलेल्या अंगठ्याच्या मशीनसमोर यजमान होईल. माहेरी एक आणि सासरी एक अशी दुहेरी भूमिका. हे अशक्य आहे का? नाही. हे होऊन गेलेलं आहे.

वीस वर्षांपूर्वी हातात धरायचे छोटे संगणक मिळायचे. पाम, पॉकेट पीसी, शार्पचा झाउरस. त्यांतल्या बऱ्याच जणांना कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाचा स्लॉट होता. जपानच्या रॅटॉक कंपनीनं त्या आकाराचं एक कार्ड काढलं. आत यूएसबीचा यजमान चिप आणि बाहेरच्या कडेला यूएसबीचं तोंड. लिनक्सच्या कर्नेलमध्ये त्याच्यासाठी एक छोटासा ड्रायव्हरही दाखल झाला. म्हणजे कार्डाच्या स्लॉटमध्ये यूएसबी घालायचं, की खिशातल्या यंत्राला कीबोर्ड जोडता येतो. पोराची कल्पना त्याच्या जन्माआधीच कोणीतरी विकत होतं.

मग ती आपल्यापर्यंत का आली नाही? इथून खरी समीक्षा सुरू होते.

कॉम्पॅक्टफ्लॅशला पन्नास पिना होत्या. तो स्लॉट म्हणजे लॅपटॉपच्या जुन्या पीसीएमसीआयए स्लॉटचं धाकटं भावंड होतं. आत काहीही येऊ शकतं, मेमरी, मोडेम, नेटवर्क, हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेलं होतं. एसडीचं तसं नव्हतं. एसडी जन्मलं साठवणीसाठी. नंतर त्याला एसडीआयओ नावाची जोड दिली. त्यातून ब्लूटूथची कार्डं आली, वायफायची आली, जीपीएसची आली, बारकोड वाचायची आली, कॅमेऱ्याचीसुद्धा आली. स्लॉटमधून बाहेर डोकावणारा कॅमेरा! गंमत वाटते, पण लोकांनी वापरले.

घात कुठे झाला? स्लॉट दिसायला सारखा, पण आतली ताकद वेगळी. साध्या एसडीच्या स्लॉटमध्ये एसडीआयओचं कार्ड अगदी बरोबर बसतं. टक असा आवाजही होतो. आणि काहीच होत नाही. कारण यंत्राच्या आतल्या कंट्रोलरला आणि सॉफ्टवेअरला ती भाषाच येत नाही. पामचं स्वतःचं वायफाय कार्डसुद्धा पामच्या ठरावीक मॉडेलांवरच चालायचं. दुकानात उभा असलेला माणूस हे कसं ओळखणार? कुलूप आणि किल्ली दोन्ही सारख्या दिसतात, किल्ली आत जाते, फक्त फिरत नाही. माझ्या मते हा या कल्पनेतला सगळ्यात मोठा दोष आहे. तो विजेचा किंवा चिपचा नाही, सचोटीचा आहे. जे बसतं ते चाललं पाहिजे, हा आकारानं दिलेला शब्द असतो. इथे आकारानं शब्द दिला आणि आतल्या यंत्रानं तो पाळला नाही.

दुसरा दोष विजेचा. याचा साधा हिशेब करू. कार्डाला वीज मिळते ३.३ व्होल्टच्या आसपास. हाय स्पीड प्रकारच्या कार्डाची मर्यादा २०० मिलिअँपिअर. गुणाकार केला की ०.६६ वॉट. यूएसबी २.० च्या पाहुण्याला पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत मागायचा हक्क आहे, म्हणजे अडीच वॉट. मिळणार जेमतेम चौथा हिस्सा. त्यात ३.३ चे पाच व्होल्ट करताना काही वीज उष्णतेत जाणार. अंगठ्याच्या मशीनला आत दिवा पेटवून बोटाचा फोटो काढायचा असतो. त्याला ही शिधासामग्री पुरेलच असं नाही. मग बाहेरून वीज द्या, म्हणजे आणखी एक वायर, आणखी एक डबी.

वेगाचं मात्र काही अडत नाही, हे नोंदवून ठेवा. चार तारा, सेकंदाला पाच कोटी ठोके, म्हणजे वीस कोटी बिट. यूएसबीचा फुल स्पीड आहे सव्वा कोटीच्याही आत, एक कोटी वीस लाख बिट. रस्ता रुंद आहे. अडलंय ते दोन ठिकाणी : मोबाइल त्या रस्त्यावर मेमरीशिवाय दुसऱ्या कुणाला येऊ देत नाही, आणि आलेल्याला पोटभर जेवण मिळत नाही.

आता काही हुशार मंडळींनी वेगळी वाट काढली. ते म्हणाले, मेमरीशिवाय कुणाला येऊ देत नाही ना? मग आपण मेमरी असल्याचं सोंग घेऊ. २००७ साली आय-फाय नावाचं कार्ड आलं. कॅमेऱ्यात घालायचं. कॅमेऱ्याला वाटायचं साधं कार्ड आहे. आत मात्र वायफाय. फोटो काढला की कार्डच तो उचलून संगणकाकडे पाठवायचं. एसडीआयओची गरजच नाही. मला हे सोंग फार आवडतं. आपल्या नमन-खेळ्यात एकच माणूस सोंग बदलून येतो ना, तसं.

पण त्याचा शेवटही ऐका. ती कार्डं चालू करायला कंपनीच्या सर्व्हरची गरज लागायची. २०१६ च्या सप्टेंबरात कंपनीनं जुन्या पिढीच्या कार्डांचा तो आधार काढून घेतला. कार्ड धडधाकट, कॅमेरा धडधाकट, मालक जिवंत, आणि वस्तू निकामी. वस्तू आपल्या हातात असली तरी तिचं नियंत्रण दुसऱ्या गावात असेल, तर ती आपली नाही. बँक सखीचा जॅक निदान झिजून बिघडला. हे बिघडवलं गेलं.

आणि सॅनडिस्कचं एक सरळ, प्रामाणिक कार्डही सांगायला हवं. २००५ साली त्यांनी मधोमध दुमडणारं एसडी कार्ड आणलं. दुमडलं की आतून यूएसबीचं तोंड बाहेर येतं. थेट कॉम्प्युटरला लावा, रीडर नको. यानं कॅमेऱ्याला यूएसबी मिळत नाही, हे खरं. यूएसबी मिळतं कार्डाला. पण ते जे सांगतं तेच करतं, आणि कुठल्याही स्लॉटमध्ये करतं. लहान वचन, पण पाळलेलं.

आता आपल्या घराजवळचं उदाहरण घेऊ. आकाश टॅबलेट आठवतो? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो दाखवला. सव्वादोन हजारांच्या आसपास किंमत. खूप टीका झाली, संथ आहे, स्क्रीन दाबावी लागते. ती टीका योग्यच होती. पण एक गोष्ट कुणी फार बोललं नाही. त्या गरीब यंत्राला दोन पूर्ण आकाराची यूएसबी तोंडं होती. बऱ्याच महागड्या टॅबलेटांना तेव्हा एकही नसायचं. पेन ड्राइव्ह थेट लावा, कीबोर्ड थेट लावा. स्वस्त वस्तूनं इथे श्रीमंत वस्तूला मागे टाकलं होतं.

पुढे हे काम पवईला आयआयटी मुंबईकडे आलं, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-२ आला. आत ऑलविनर कंपनीचा ए१३ नावाचा चिप. इथे आपल्या विषयाचं खरं पान उघडतं. या चिपची सवय अशी की चालू होताना तो आधी मेमरी कार्डाकडे बघतो. कार्डावर चालू व्हायची सामग्री असेल तर तिथून उठतो, नसेल तर आतल्या मेमरीकडे जातो. आयआयटी मुंबईच्या मुलांनी याचा फायदा घेतला. कार्डावर पूर्ण लिनक्स भरलं. कार्ड घाला, टॅबलेट लिनक्सवर उठतो. कार्ड काढा, परत अँड्रॉइड. आतल्या कशालाही हात लावायचा नाही.

आणि त्या चिपमध्ये आणखी एक गंमत आहे. कार्डाच्या स्लॉटला जाणाऱ्या त्याच पिनांवर सीरियल पोर्टही काढता येतो. कार्डाच्या आकाराची एक पातळ पट्टी स्लॉटमध्ये घालायची, तिच्यातून दोन तारा बाहेर घ्यायच्या, त्यांना बाजारात मिळणारी यूएसबी-सीरियलची डबी लावायची. बस. टॅबलेट न उघडता, एकही टाका न घालता, त्याच्या पोटातलं बोलणं तुमच्या कॉम्प्युटरवर दिसायला लागतं. स्क्रीन फुटलेली असली तरी. मेलेलं यंत्र का मेलं, हे ते स्वतः सांगतं.

म्हणजे पोराच्या प्रश्नाला "हो" म्हणणारं यंत्र महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या मुलांच्या हातात होतं. फक्त त्यावरची वाट अंगठ्याच्या मशीनसाठी नव्हती, दुरुस्ती करणाऱ्यासाठी होती. आणि माझ्या मते मागच्या दाराचा खरा उपयोग तोच असतो. रोजची येजा पुढच्या दारानंच व्हावी. पण पुढचं दार अडलं तर आत जाऊन बघता आलं पाहिजे.

मग पुढे काय झालं? एसडीआयओ मेलं असं समजू नका. ते घराच्या आत गेलं. अनेक मोबाइलांत आणि रास्पबेरी पाय ३ सारख्या छोट्या संगणकांत वायफायचा चिप प्रोसेसरशी एसडीआयओच्याच भाषेत बोलतो. फक्त तो बोर्डावर टाका घालून बसवलेला असतो. म्हणजे भाषा जिवंत आहे, तिचा बाहेरचा उंबरठा तेवढा काढून घेतला. २०१८ साली एसडी एक्सप्रेस आलं. त्यात कार्डाला संगणकाच्या आतला पीसीआयई हा राजमार्गच जोडून दिला, सेकंदाला ९८५ मेगाबाइट. २०२५ च्या जूनमध्ये आलेला निनटेंडोचा नवा खेळ-संच त्याच जातीचं कार्ड मागतो. तंत्र कमी पडतंय असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला स्लॉटच नाहीसे होतायत. आयफोनला तो कधीच नव्हता. सॅमसंगनं २०१५ साली गॅलेक्सी एस-६ मधून काढला, पुढच्या वर्षी परत दिला, २०२१ च्या एस-२१ पासून पुन्हा काढला. कंपन्या कारणं सांगतात : पाणी जातं, कार्ड संथ असतं, सुरक्षिततेला धोका. ही कारणं पूर्ण खोटी नाहीत. हलकं कार्ड मोबाइल खरंच संथ करतं. बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत, वर चौसष्ट लिहिलेलं आणि आत आठ. अनोळखी वस्तू कुठल्याही दारातून आत घेणं धोक्याचंच. पण पाण्याचं कारण मला पटत नाही. २०१६ चा गॅलेक्सी एस-७ पाण्यात बुडवता येत होता आणि त्याला कार्डाचा स्लॉटही होता. मग खरं कारण काय असेल, ते जास्त मेमरीच्या मोबाइलची किंमत बघून तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, आता सगळं क्लाउडवर आहे, स्लॉट हवा कुणाला? रत्नागिरीत बसून हे म्हणू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडात वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा दिवसांत क्लाउड म्हणजे फक्त आकाशातला ढग. फोटो, पंचनाम्याची कागदपत्रं, काय द्यायचं ते हातातून हातात द्यावं लागतं. आणि संकटाचं सोडा. आपल्याकडे शक्ती-तुऱ्याचे सामने, जाखडी, नमन, डबलबारीची भजनं गावोगाव पोचली ती मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घेऊन. बोटीवरच्या खलाशानं आठवडाभर रेंज नसताना तेच ऐकलं. त्या कार्डानं आपल्या लोककलेसाठी जे केलं, त्याची नोंद कुठल्या अहवालात नाही.

तर माझा निकाल. मेमरी कार्डातून यूएसबी ही कल्पना रोजच्या कामाला कमकुवत आहे. वीज कमी, ड्रायव्हर नाही, आणि स्लॉटचा आकार खोटं बोलतो. अंगठ्याच्या मशीनसारख्या, ज्यावर कुणाची पेन्शन अवलंबून आहे अशा कामासाठी मी ती सुचवणार नाही. पण तिच्यामागची मागणी शंभर टक्के रास्त आहे. यंत्राला मालकाच्या हातातलं दुसरं दार असावं. आणि जे दार आहे ते दुरुस्त करता यावं.

त्या बँक सखीच्या मोबाइलचं पुढे काय झालं ते सांगतो. मोबाइल टाकावा लागला नाही. त्या मॉडेलमध्ये चार्जिंगचा जॅक मुख्य बोर्डावर नव्हता, खाली एका वेगळ्या छोट्या पट्टीवर होता. दुकानातल्या मुलानं पट्टी बदलली, अर्ध्या तासात काम झालं. जॅक मुख्य बोर्डावर टाका घालून बसवलेला असता तर गोष्ट वेगळी असती. म्हणजे त्या आजीची पेन्शन शेवटी एका इंजिनिअरच्या निर्णयावर उभी होती, पट्टी वेगळी ठेवायची की नाही, या निर्णयावर. कंपनीचे सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय. ते अपुरं आहे, पण मागणी करायला एक जागा झाली.

तुम्ही पुढचा मोबाइल घ्याल तेव्हा दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल हे जरूर विचारा. त्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. ओटीजी चालतं का, तिथेच पेन ड्राइव्ह लावून दाखवा. कार्डाचा स्लॉट आहे का, की दुसरं सिम घातलं की तो जातो? आणि जॅक बिघडला तर पट्टी बदलते की बोर्ड? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक दुकानदार गप्प होतील. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारला की अकराव्याच्या वेळी त्यांना उत्तर शोधून ठेवावं लागेल.

आणि त्या पोराला मी पुढच्या खेपेला भेटलो तर "बघू" म्हणणार नाही. सांगेन, "बाबा, जोडता येतं, पण या मोबाइलला नाही, आणि का नाही ते ये, तुला दाखवतो." एक जुना, बंद पडलेला टॅबलेट आणि कार्डाच्या आकाराची ती पट्टी मी त्याच्यासाठी पिशवीत ठेवलेली आहे.